लपलेला कर्ता

पुणे-सातारा महामार्गावर कामथडीच्या थांब्याशी सकाळी घटकाभर उभे राहिले, तर महाविद्यालयांत निघालेल्या मुलींच्या दुचाक्या एकामागून एक जाताना दिसतात. काही चेलाडी फाट्याकडून, म्हणजे वेल्ह्याच्या (आता राजगड म्हणवणाऱ्या) तालुक्यातून आलेल्या. काही कापूरहोळकडून, भोरच्या वाटेने आलेल्या. जवळजवळ प्रत्येकीचे डोके, मान आणि चेहरा ओढणीने वा स्कार्फने घट्ट गुंडाळलेला असतो. डोळे तेवढे उघडे. कारण विचारले तर ऊन आणि धूळ ही दोन कारणे लगेच मिळतात. तिसरे कारण मुली वर्गात सांगत नाहीत, पण ते आम्हांला ठाऊक आहे. रस्त्यावरच्या नजरा चुकवायच्या असतात, आणि आपण कोठे, कोणाबरोबर चहा प्यायलो हे संध्याकाळच्या आत गावात पोहोचू नये अशीही इच्छा असते. ही इच्छा आम्हांला गैर वाटत नाही.

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. एकाचे घर कामथडीत, दुसऱ्याचे भोरात. आमच्या परिचयाच्या एका महाविद्यालयाच्या फाटकावर मध्यंतरी फलक लागला : 'चेहरा झाकून आवारात प्रवेश करू नये.' नव्याने नेमलेला रखवालदार फाटकावर उभा राहून मुलींना स्कार्फ सोडायला लावू लागला. हेल्मेट घातलेल्या मुलांना तो अडवीत नसे. एका मुलीने स्कार्फ सोडला, ओळखपत्र दाखवले आणि मग विचारले, "काका, तुमचं नाव काय?" त्याच्या गणवेशावर नावाची पट्टी नव्हती. तो म्हणाला, "नाव काय करायचंय तुला? आत हो."

प्रसंग इतकाच. त्यात कोणाला इजा झाली नाही, कोणी तक्रारही केली नाही. परंतु चेहरा झाकण्यावर बंदी असावी की नसावी, आणि असलीच तर ती कोणावर, या प्रश्नाची जी चर्चा आज जगभरच्या न्यायालयांत आणि विधिमंडळांत चालू आहे, तिचा सगळा ऐवज आम्हांला या दोन वाक्यांत सापडला. एकाने चेहरा दाखवायचा आणि दुसऱ्याने नावही सांगायचे नाही, ही विभागणी नेमकी कोणत्या न्यायाने झाली?

प्रथम आपल्याच राज्याचा कायदा पाहू. वृत्तपत्रांतील गुन्हेवृत्त वाचणाऱ्यांना 'कलम 122' हा उल्लेख परिचित असतो. 1951 चा मुंबई पोलीस अधिनियम, ज्याला पुढे महाराष्ट्र पोलीस अधिनियम हे नाव मिळाले, त्यातील हे कलम सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात संशयास्पद स्थितीत सापडणाऱ्या व्यक्तीविषयी आहे. त्यात घातक हत्यार बाळगणारा येतो, घरफोडीची अवजारे बाळगणारा येतो, आणि चेहरा झाकलेला किंवा वेषांतर केलेला इसमही येतो. पण या शेवटच्या पोटकलमाला एक अट जोडलेली आहे : गुन्हा करण्याच्या हेतूने. आम्ही हे वाक्य वाचतो ते असे की, चेहरा झाकणे हा मुळात गुन्हा नाही. रात्रीची वेळ आणि दुष्ट हेतू या दोहोंची जोड मिळाल्यावर तो गुन्हा होतो. भर दुपारी महामार्गावरून तोंडाला फडके बांधून जाणाऱ्या माणसाशी या कलमाला काही कर्तव्य नाही.

संविधानाची भूमिका याहून उदार आहे. अनुच्छेद 19 नागरिकांना एकत्र जमण्याचा हक्क देतो आणि त्या हक्काच्या व्याख्येतच दोन अटी सांगतो : शांतता असावी आणि शस्त्र नसावे. सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी वाजवी निर्बंध घालण्याची मुभा राज्याला आहे, हे खरे. तरीही मूळ वाक्यात हातांची अट आहे, चेहऱ्याची नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मग 2020 साल आले आणि सगळे उलटे झाले. त्या वर्षी 8 एप्रिलला मुंबई महानगरपालिकेने सार्वजनिक ठिकाणी तोंडावर मास्क बांधणे सक्तीचे केले. त्यासाठी आधार घेतला तो प्लेगच्या काळात जन्मलेल्या 1897 च्या साथरोग कायद्याचा. हळूहळू राज्यभर हीच सक्ती आली आणि उघडा चेहरा दंडास पात्र ठरला. 2022 च्या एप्रिलमध्ये, गुढीपाडव्याला, ती उठली. या दोन वर्षांत कोणाही तोंड झाकलेल्या माणसाला पाहून 'हा चोर असेल' असे कोणाच्या मनात आले नाही. झाकलेल्या चेहऱ्यात स्वतःचा असा कोणताही दोष नसतो, दोष पाहणाऱ्याच्या संशयात असतो, एवढे तरी आपण त्या काळात शिकायला हवे होते.

परदेशांतील उदाहरणे येथे उपयोगी पडतात. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात 1845 साली मुखवट्यांविरुद्ध कायदा झाला. त्याचे निमित्त होते खंडाने जमीन कसणाऱ्या शेतकऱ्यांचे बंड. जमीनदारांच्या वसुलीला विरोध करताना हे शेतकरी रंगीत कापडी झगे आणि मुखवटे घालून आदिवासींचे सोंग घेत. म्हणजे कायद्याला मुखवट्याची भीती वाटली ती प्रथम कुळांच्या चेहऱ्यावर. तो कायदा दीडशेहून अधिक वर्षे टिकला आणि 2020 मध्ये महामारीने तो हास्यास्पद ठरवल्यावर रद्द झाला. हाँगकाँगमध्ये 2019 च्या ऑक्टोबरात निदर्शकांवर चेहरा झाकण्याची बंदी आली, तीही 1922 च्या एका आणीबाणी कायद्याच्या आधारे. खालच्या न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली, पण 2020 च्या डिसेंबरात तेथील सर्वोच्च न्यायपीठाने ती पूर्णपणे वैध ठरवली. तो निर्णय आला तेव्हा त्याच शहरात साथीमुळे मास्क न घालणे हा गुन्हा होता! त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तेथीलच उच्च न्यायालयाने दुसरीही एक गोष्ट सांगितली होती. निदर्शने हाताळणाऱ्या पोलिसांनी आपली ओळख पटेल असे क्रमांक दिसू दिले नाहीत, हे नागरिकांच्या हक्कांचे उल्लंघन आहे, असा तो निर्णय होता. आमच्या मते हाँगकाँगच्या त्या सगळ्या प्रकरणात हा दुसरा निर्णय अधिक मोलाचा आहे. चर्चा मात्र पहिल्याचीच झाली.

अमेरिकेत आता वाद या दुसऱ्या बाजूला सरकला आहे. स्थलांतरितांना पकडणारे केंद्र सरकारचे अधिकारी तोंडे झाकून रस्त्यावर उतरू लागले, तेव्हा कॅलिफोर्निया राज्याने 2025 च्या सप्टेंबरात कायदा करून कर्तव्यावरील अधिकाऱ्यांना चेहरा झाकण्यास मनाई केली. राज्याला केंद्राच्या अधिकाऱ्यांवर असे बंधन घालता येते काय, हा वाद पुढे न्यायालयात गेला. घटनात्मक अधिकारांचा तो तिढा त्यांचा त्यांनी सोडवावा. आम्हांला त्यातील साधा मानवी प्रश्न महत्त्वाचा वाटतो : मला पकडून नेणारा हा माणूस कोण आहे, हे मला कळले पाहिजे की नाही?

या प्रश्नाला आपल्या देशाने फार पूर्वी उत्तर दिलेले आहे. 1986 साली पश्चिम बंगालमधील विधिसाहाय्य संस्थेचे डी. के. बसू यांनी कोठडीतील मृत्यूंविषयी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून स्वीकारले आणि 1996 च्या डिसेंबरात जो निकाल दिला, त्यात अटकेच्या वेळी पाळावयाचे अकरा दंडक घालून दिले. त्यांतील अगदी पहिला दंडक असा की, अटक करणाऱ्या व चौकशी करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर त्याची अचूक, स्पष्ट आणि सहज दिसणारी ओळख व हुद्द्यासह नावाची पट्टी असली पाहिजे. कागदपत्र, नातेवाइकांना खबर, वैद्यकीय तपासणी हे सारे त्यानंतर येते. पुढे ही गोष्ट फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 41-ब म्हणून आली आणि 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 36 म्हणून ती कायम आहे.

परंतु या तरतुदीत एक पोकळी आहे. ती अटकेविषयी बोलते. बंदोबस्ताविषयी बोलत नाही. जमावावर लाठी चालवणारा पोलीस कोणाला अटक करीत नसतो, आणि नेमक्या त्याच वेळी त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण, तोंडापुढे जाळी वा काच आणि छातीवर संरक्षक कवच असते. नावाची पट्टी त्या कवचाखाली जाते. कोणी ती मुद्दाम लपवली असे म्हणण्याचे कारण नाही; संरक्षणाची गरज खरी आहे. पण परिणाम तोच होतो.

काही वर्षांपूर्वी आमचा एक माजी विद्यार्थी एका रास्ता रोकोत बसला होता. पांगापांग झाली तेव्हा त्याच्या मनगटावर लाठी बसली, हाड मोडले. तो मुलगा मवाळ. त्याला सूड नको होता, दवाखान्याचा खर्चही नको होता. आपण खाली बसलेले असताना आपल्याला का मारले, एवढेच त्याला त्या माणसाला विचारायचे होते. अर्ज लिहायला तो आमच्याकडे आला. 'मला अमुक यांनी मारले' हे वाक्य लिहिताना 'अमुक'च्या जागी काय लिहावे हे आम्हा दोघा मराठीच्या अध्यापकांना सुचेना. अखेर आम्ही लिहिले : 'माझ्यावर लाठीमार करण्यात आला.'

ते वाक्य लिहून झाल्यावर आम्ही ओशाळलो. 'लाठीमार करण्यात आला', 'जमाव पांगवण्यात आला', 'सौम्य बळाचा वापर करण्यात आला' ही वाक्ये आपण रोज वाचतो. या रचनेला व्याकरणदृष्ट्या नाव ठेवता येत नाही. क्रिया आहे, कर्म आहे, काळ आहे. कर्ता तेवढा नाही, आणि वाक्य त्याच्यावाचून पूर्णही होते. आम्ही वर्गात प्रयोग शिकवताना 'कोणी?' असा प्रश्न विचारून कर्ता शोधायला सांगतो. येथे 'कोणी?' असा प्रश्न विचारला की वाक्य गप्प बसते. शासकीय मराठीने स्वतःसाठी घडवलेला हा मुखवटा कोणत्याही कापडी मुखवट्याहून टिकाऊ आहे. डी. के. बसू निकालातील नावाच्या पट्टीचा आग्रह म्हणजे आमच्या भाषेत सांगायचे तर कर्त्याचा आग्रह. राज्याच्या हातून घडणाऱ्या प्रत्येक क्रियेला कर्ता असला पाहिजे आणि तो वाक्यात उघडपणे उच्चारता आला पाहिजे.

येथवर वाचून कोणी म्हणेल, की हा एकतर्फी न्याय झाला. नागरिकाने तोंड झाकावे आणि पोलिसाने मात्र उघडे ठेवावे? होय, आमचे म्हणणे बरेचसे तसेच आहे. आणि त्याचे कारण दोघांच्या हातांत आहे. नागरिकाचा चेहरा त्याचा स्वतःचा असतो. गणवेशातील माणसाच्या हाती जी लाठी असते, ती त्याची स्वतःची नसते. ती आपण सर्वांनी त्याला वापरायला दिलेली असते. उसनी दिलेली वस्तू कोणाकडे आहे हे धन्याला ठाऊक असावे, यात अपमान कोणाचाच नाही.

तरीही दोन आक्षेप गंभीर आहेत. पहिला गडचिरोलीतून येतो. तेथे 1990 मध्ये उभ्या राहिलेल्या सी-60 पथकात स्थानिक तरुण भरती झाले. त्यांची घरे, आईवडील, भावंडे त्याच जंगलातल्या गावांत. चेहरा ओळखला गेला तर सूड घरच्यांवर उगवला जाण्याची भीती होती, आणि ती काल्पनिक नव्हती. अशा जवानाने तोंड झाकले तर त्याला दोष कोण देईल? आमचे उत्तर असे, की चेहरा आणि ओळख या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. चेहरा झाकावा, पण अंगावर एक क्रमांक असावा, जो रस्त्यावरच्या माणसाला वाचता येईल आणि ज्यामागचे नाव न्यायालयाला मागता येईल. हाच उपाय दंगलविरोधी पोषाखालाही लागू पडतो. कवचावर आणि शिरस्त्राणावर मोठ्या अक्षरांत क्रमांक रंगवायला फार खर्च येत नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा. तोंडाला रुमाल बांधून एसटीवर दगड मारणारे, दुकाने जाळणारे लोकही आपण पाहिले आहेत. मुखवटा भित्र्याला धीट करतो, हे खोटे नाही. पण दगड मारणे, जाळपोळ करणे हे चेहरा उघडा असतानाही गुन्हेच आहेत, आणि गुन्ह्याच्या हेतूने रात्री चेहरा झाकणाऱ्यासाठी कलम 122 आहेच. सर्वांचेच रुमाल उतरवायचे म्हटले, तर दगड मारणारा त्या दिवशी नियम पाळून येईल अशी आशा धरावी लागते! ज्याला नोकरी जाण्याची, घरी कळण्याची, मालकाच्या रोषाची भीती आहे, तो मात्र येणारच नाही. आता तर रस्तोरस्ती कॅमेरे आहेत आणि चेहऱ्यावरून नाव काढणारी यंत्रेही आहेत. अटक झालेल्यांची छायाचित्रे, बोटांचे ठसे, डोळ्यांतील बुबुळांची चित्रे घेण्याची मुभा 2022 च्या कायद्याने पोलिसांना दिली आहे. पूर्वी मोर्चात चाललेला माणूस गर्दीचा भाग होऊन जाई. त्याचा चेहरा शेजारच्याच्या स्मरणात राही तेवढाच. आज तो एखाद्या नोंदवहीत कायमचा जाऊ शकतो. निःशस्त्र, शांत माणसाने त्या नोंदवहीपासून दूर राहण्यासाठी रुमाल बांधला, तर त्याच्या हेतूवर आधीच शिक्कामोर्तब करण्याचा अधिकार कोणालाही नसावा.

काही जागी चेहरा दाखवावा लागतो, हे आम्हांलाही मान्य आहे. परीक्षेला बसलेली विद्यार्थिनी तीच आहे ना, हे पाहावेच लागते. चेंबूरच्या एका महाविद्यालयाच्या वेषनियमांवरून जो वाद झाला, त्यात मुंबई उच्च न्यायालयाने जून 2024 मध्ये विद्यार्थिनींची याचिका फेटाळली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी 9 ऑगस्टला हिजाब व टोपीवरील बंदीला अंतरिम स्थगिती दिली. वर्गात चेहरा पूर्ण झाकण्याच्या बाबतीत मात्र तशी मोकळीक दिली नाही. शिकवताना समोरचा चेहरा दिसावा असे आम्हांलाही वाटते. पण 'या कामासाठी, एवढ्या वेळेपुरता चेहरा दाखवा' असे सांगणे वेगळे आणि 'झाकलेला चेहरा आत आणू नका' असे फलक लावणे वेगळे. पहिल्यात काम सांगितलेले असते, दुसऱ्यात संशय.

शेवटी बहुरूप्याची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. आमच्या लहानपणी तो सुगी झाल्यावर गावात येई. कधी साधू, कधी सावकार. पण त्याचे सर्वांत आवडते सोंग खाकीचे. दारात काठी आपटून तो दरडावी, "घरमालक, वॉरंट आहे तुमच्या नावावर!" आणि क्षणभर घरातली मोठी माणसेही दचकत. मग तोच हसे, बक्षिसी मागे, पसाभर जोंधळे घेऊन पुढच्या दाराकडे जाई. त्याच्या सोंगात एक प्रामाणिकपणा होता : जाण्यापूर्वी तो आपण कोण हे सांगे. ते सांगितल्यामुळेच भीतीचे हसू होई. आज त्याच्यासारख्या भटक्यांनाच गावोगाव आपली ओळख सिद्ध करत हिंडावे लागते. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना, मुले पळवणारे समजून, जमावाने ठार मारले. त्यांचे चेहरे उघडेच होते. अनोळखी चेहऱ्यावर लोक आपल्या भीतीचा मुखवटा कसा चढवतात, याचे याहून भयंकर उदाहरण आम्हांला ठाऊक नाही. चेहरा उघडा असला म्हणजे माणूस सुरक्षित, ही समजूत तेथेच संपते.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. चेहरा झाकण्याविषयी जो कोणी नियम करील, मग ते विधिमंडळ असो वा महाविद्यालयाची व्यवस्थापन समिती, त्याने त्याच कागदावर आणखी दोन ओळी लिहाव्यात : चेहरा कोणत्या कामासाठी पाहायचा, आणि पाहणाऱ्याचे नाव काय. त्या फाटकाविषयी आम्ही तेथील परिचित प्राध्यापकांशी बोललो. फलक अजून उतरलेला नाही. रखवालदाराला मात्र नावाची पट्टी मिळाली आहे, आणि मुली आता त्याला नावाने हाक मारतात. स्कार्फ सोडायला सांगताना त्याचा आवाज पूर्वीपेक्षा खाली आला आहे, असे त्याच मुलीने आम्हांला सांगितले.